तेल संपल्यावर

थडग्यापासून तीन पावलांवर, माती साफ करायला आलेल्या सोरिनचं गिरमिट जमिनीत शिरलं, तसे पान्सू आजोबा एक पाऊल पुढं सरकले. त्यांच्या मिरचीच्या हरितगृहाची रॉकेलची टाकी वसंतात गळली होती, आणि रॉकेल उतारानं झिरपत थेट त्यांच्या बायकोच्या, मालसुन आजीच्या थडग्याच्या उशाशी आलं होतं.

सोरिननं गुणगुणणारं यंत्र मातीशी धरलं. "तेलाचा आकडा पुन्हा वरच. बाकी सगळ्या शेतातलं तेल मी सोडलेल्या जंतूंनी फस्त केलं. इथंच का जेवत नाहीत मेले?"

"लाजत असतील. बाईमाणसाचं घर."

"माती उलथली, पाणी दिलं, खत घातलं. महिनाअखेर आकडा उतरला नाही, तर थडगं हलवावं लागेल, आजोबा. ही माती भट्टीत भाजायची."

आजोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पोरी, तेल संपलं की ते काय खातात?"

"कोण, जंतू? काही नाही. उपाशी मरतात."

"युद्धाच्या साली मी सात वर्षांचा होतो," आजोबा म्हणाले. "आम्ही काही लगेच मेलो नाही. पाइनच्या झाडांच्या साली सोलून खाल्ल्या. उपाशी तोंड काही सोडत नाही."

सोरिन थडग्याला वळसा घालून पलीकडे गेली. गवतात बूट कशावर तरी आपटला. पितळी वाडगा, वर झाकण, शेजारी चमचा नीट मांडलेला. तिनं झाकण उचललं, रॉकेलचा भपकारा आला आणि तिनं नाक मागं घेतलं.

"हे कधीपासून?"

"दोन महिने झाले. रोज सकाळी ओततो. थडग्याभोवती दारू शिंपडतो ना आपण, तसंच." आजोबांचा आवाज बारीक झाला. "जंतूंचं पोट भरलेलं असलं, की ते तिच्याकडे वळायचे नाहीत."

"आजीला जाऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

साधी माती अकरा वर्षांत देहाचं काय काय करते, हे सोरिनला ठाऊक होतं. तिनं झाकण परत ठेवलं.

"हे जंतू तेलाशिवाय कशालाच तोंड लावत नाहीत, आजोबा."

"नक्की?"

"नक्की. पण तुम्ही रॉकेल वाढत राहिलात, तर आजीला हलवावंच लागेल."

आजोबांनी वाडगा उचलला, रॉकेल डब्यात थेंबाथेंबानं परत ओतलं. मग टोपी काढून गुडघे टेकले आणि थडग्याच्या गवताला कान लावला.

"चावल्याचा आवाज येतो का, तेवढं बघतो," ते म्हणाले.

सोरिननं गुणगुणणारं यंत्र बंद केलं.