पाणवठ्यावरचा साहेब

या, जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. अभयारण्यात पाहुण्यांना वाघ दाखवणारा गाइड पाणवठ्याशी कुजबुजला, "आलाय! श्वास रोखा." कॅमेरे सरसावले. गवतातून निघाली डोक्यावर भरला हंडा घेतलेली म्हातारी. गावचं पाणी रिसॉर्टच्या स्विमिंग पुलात गेलेलं, आणि हा पाणवठा माणसांना बंद.

"अरे वा, वाघाच्या डोक्यावर हंडा!" जीप खो खो हसली.

नोकरीच्या धास्तीनं गाइड खेकसला, "ए बाई, कोण गं तू? ओत ते पाणी!"

म्हातारीनं हंडा पालथा केला. "चुकलं, साहेब."

गाइडची मान खाली गेली. जन्मात तिनं त्याला 'बाळ्या'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

बाबांनो, वाघ दिसो न दिसो, पोटच्या पोराला साहेब म्हणणारी ती माउली तेवढी आठवा.