मान्यताप्राप्त पाणी

प्रयोगशाळा ही जनतेच्या आरोग्याची राखणदार आहे, असं वर्ध्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. राखणदाराला राखणीची सरकारी मान्यता तेवढी अजून मिळायची होती.

त्यासाठीच पुण्याहून सरकारी तपासनीस प्रभाकरराव आले होते. परीक्षा सोपी होती. हिंगणीकडच्या एका गावात गावविहिरीनं उन्हाळाभर कावीळ वाटली होती. तिचंच पाणी मागवलं होतं. जंतू सापडले तर मान्यता, नाही सापडले तर प्रयोगशाळेला कुलूप.

पाणी दूषित असलं की नळीत बुडबुडा धरतो. केमिस्ट वासुदेवरावांनी सकाळी पाहिलं, तर सगळ्या नळ्या निवांत.

बाटली आणणारे सरपंच अण्णाजी पंच म्हणून सहीला आले होते. वासुदेवरावांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"अण्णाजी, पाणी गावविहिरीचंच ना?"

"थे घान पानी सायबायले कसं द्याचं जी? रूपरावच्या वावरातल्या हिरीचं आनलं. आमी समदे आता थेच पेतो. वरून धोतरानं गाळलं."

खरं लिहावं, तर कावीळवाली विहीर शुद्ध ठरणार आणि प्रयोगशाळा बुडणार. बाटली चुकली म्हणावं, तर नमुना घेण्यातच नापास. खोटं लिहिलं, तर मात्र सगळ्यांचंच भलं होत होतं.

आत जाऊन त्यांनी अहवालात लिहिलं, 'दूषित. पिण्यास अयोग्य.'

"अगदी अचूक!" प्रभाकररावांनी हात मिळवला.

"अरे बापा!" अण्णाजी खुर्चीतून उठलेच. "रूपरावच्या हिरीतबी निघाले काय?"

"कोण रूपराव?"

अण्णाजींनी सरकारी माणसापासून काही लपवलं नाही. धोतरसुद्धा.

"कमाल आहे!" प्रभाकरराव म्हणाले. "आम्हाला ठाऊकच नसलेली विहीर पकडलीत तुम्ही."

वासुदेवरावांनी तोंड उघडलं. समोर त्यांच्याच सहीची शाई वाळत होती.

"हो," ते म्हणाले.

प्रभाकररावांनी अहवालावरची गावविहीर खोडली, रूपरावची घातली आणि मान्यतेचा शिक्का मारला.

आठवडाभरात रूपरावच्या विहिरीला सरकारी सील लागलं. गाव पुन्हा गावविहिरीवर पाणी भरू लागलं. तिच्याविरुद्ध मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा एकही अहवाल नव्हता.