पंख्याच्या दोरीचं भोक

वर्गाच्या लाकडी भिंतीतल्या भोकातून एक बोट आत आलं आणि तसंच थांबलं.

बंगला कलेक्टरसाहेबाचा होता तेव्हा या भोकातून छताच्या पंख्याची दोरी जायची. व्हरांड्यात बसून गडी ती ओढायचा. साहेब गेले, मुलींची शाळा आली. बाहेर उभं केलेल्या मुलीनं भोकात बोट घालायचं आणि आतल्या मैत्रिणीनं ते गुपचूप धरायचं, ही इथली जुनी रीत. पारखेबाई याच वर्गात शिकलेल्या. त्यांना ती ठाऊक होती.

बोट नव्या मुलीचं होतं. गृहपाठ केला नाही म्हणून बाईंनीच तिला मघाशी बाहेर काढलं होतं. तिचं अजून कुणाशी जमलं नव्हतं. मुलींनी बोट पाहिलं आणि माना खाली घातल्या.

बाईंचं बोटही एकदा तास संपेपर्यंत तसंच राहिलं होतं. “पुढचं लिहा,” म्हणत त्या भिंतीला टेकल्या आणि पाठीमागे हात नेऊन त्यांनी ते धरलं.

मधल्या सुट्टीत मुलगी हसतच आत आली. “तूच धरलंस ना?” म्हणत तिनं भिंतीलगतच्या मुलीपुढे डबा उघडला. त्या मुलीनं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. मागून हळूच “हो” ऐकू आलं.