जिथल्या तिथे

इनॉकनी 'नंतर' हे बटण सदतीस दिवस दाबलं होतं. 'नाही' असं बटण पडद्यावर कुठे नव्हतंच. आज, शुक्रवारी दुपारी चार वाजता, संगणकाने विचारणंही सोडून दिलं. पडदा निळा झाला, मधोमध पांढरे ठिपके गोल फिरू लागले आणि खाली अक्षरं उमटली : 'सुधारणा चालू आहे. सात टक्के. कृपया संगणक बंद करू नका.'

"मेल्या, तुला आत्ताच सुचलं?" इनॉक पडद्याला म्हणाले.

मागे ओर्ली पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती इस्राएलहून आलेली, लांबच्या नात्यातली भाची; उद्या दुपारी तिचं परतीचं विमान. आईने तिला एकच काम सांगितलं होतं : पनवेलच्या आपल्या दफनभूमीत आजोबांच्या कबरीवर रीतीप्रमाणे दगड ठेवून ये. मुठीएवढा तो दगडही आईनेच तिथल्या अंगणातून उचलून दिला होता. उद्या शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, दफनभूमीला कुलूप. आणि शब्बाथ लागतो आदल्या संध्याकाळीच, म्हणजे जे काय व्हायचं ते आज दिवे लागायच्या आत.

"मामा, वेळ पुरेल ना?" तिची मराठी आजीकडून आलेली, जुनी आणि जरा अडखळणारी.

"त्याला विचार," इनॉक म्हणाले.

दफनभूमीतले कितीतरी दगड पावसाने कोरे करून टाकले होते. अक्षरं लागत होती तेव्हा इनॉकनी ओलं फडकं फिरवून, खडू घासून, एकेक नाव वहीत उतरवलं होतं. वही पुरात गेली. त्याआधीच सगळं संगणकात चढवलेलं होतं म्हणून बरं : रांग कितवी, डावीकडे कोण, उजवीकडे कोण. चारशे बारा माणसं.

संगणकात चढवल्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी, सुधारणेच्या नावाखाली, जणू कोणी न पाहिलेला माणूस घरात शिरून भांडी हलवून ठेवत होता. कोपऱ्यातलं बटण मधे आणलं. माऊसची उजवी कळ दाबली की पर्यायांची सगळी यादी यायची. आता अर्धीच येते, बाकीची 'आणखी पाहा'च्या मागे दडवलेली. फ्लॉपीवर एक प्रत होती, तर फ्लॉपी घालायचं तोंडच बुजवलं. कागदावर छापून ठेवावं म्हटलं, तर मागच्या सुधारणेपासून तो घरच्याच प्रिंटरला ओळखेना. आणि रोज सकाळी पडद्यावर, न मागता, कुठल्यातरी नटीच्या लग्नाची बातमी. इनॉकना हल्ली त्याचा राग येत नसे. घासात केस लागावा तसं होत असे.

"अहो, किती झालं?" लीयाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बावीस."

"मघाशी तेवीस म्हणालात ना?"

"होतं खरं."

लीया दारात येऊन पडद्याकडे बघत राहिली. "ह्याच्यापेक्षा तुमच्या पणज्याच्या घाण्याचा बैल बरा. शनिवारी सोडला की गप उभा राहायचा."

पाच वाजता, अडतीस टक्क्यांवर, इनॉक उठले. खिळ्यावरची दफनभूमीची किल्ली काढली. "चल पोरी. डोक्यात आहे तेवढ्यावर जाऊ."

तिसरी रांग त्यांना आठवत होती, विहिरीच्या बाजूची. तिथे दोन दगड शेजारी शेजारी होते, दोन्ही कोरे. इनॉक गुडघ्यांवर बसले. बाटलीतलं पाणी ओतलं, तळवा फिरवला, खडू घासला. काही उठलं नाही.

"ह्यातला एक तुझा आजा. हे नक्की."

"कुठला?"

"डावा." मग उजव्याकडे बघत, "असावा."

ओर्लीने मूठ उघडली. दगड एकच होता.

"दोन्हींवर ठेव. इथला एक उचल."

"इथले तर इथलेच आहेत, मामा. आईने हा पाठवलाय."

उन्हं खाली उतरली होती. शेवटी तिने तो दगड दोन कबरींच्या मधल्या गवतात ठेवला.

"आजा हात लांबवून घेईल," इनॉक म्हणाले. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

ते घरी पोचले तेव्हा लीया काचेच्या पेल्यांतले शब्बाथचे तेलाचे दिवे लावून, प्रार्थना संपवून डोळ्यांवरचे हात काढत होती. त्याच क्षणी कोपऱ्यात टिंग झालं. पडदा उजळला.

'नमस्कार. सगळं तयार आहे. तुमच्या सर्व फाइल्स जिथल्या तिथे आहेत.'

खाली दोन बटणं : 'सुरू करा' आणि 'नंतर'.

इनॉकनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. शब्बाथचे दिवे लागल्यावर ते पंख्याच्या बटणालाही हात लावत नसत. ओर्लीचं तसं नव्हतं. ती जन्मभर शनिवारी फोन वापरत आली होती. एकदा दाबलं की डावा की उजवा ते कळलं असतं. आईला खात्रीने सांगता आलं असतं.

"तिसरी रांग," इनॉक दिव्यांकडे बघत म्हणाले. "सापडेल तुला."

ओर्ली टेबलापाशी गेली. तिचा हात माऊसच्या शेजारी टेकला. पडद्यावरचा बाण थांबून होता.

"नाही," ती पडद्याला म्हणाली.

तिने गळ्यातला स्कार्फ सोडला आणि, दुःखाच्या घरात आरसा झाकतात तसा, त्याने तो पडदा झाकून टाकला. कापडाआडून निळा उजेड येतच राहिला. सगळे जेवायला बसले तेव्हा आतून पुन्हा टिंग झालं.

"काहीतरी विचारतोय," इनॉक म्हणाले.

"विचारू दे," लीया म्हणाली आणि तिने ओर्लीच्या ताटात भात वाढला.