बंद घरांची वही

गुरुजींची पेटी उचलली आणि हवालदाराला हसू आलं. माणूस निघालाय दोन महिन्यांसाठी, आणि पेटीला वजन म्हणून नाही.

"गुरुजी, यात कपडे आहेत की नुसती हवा?"

"तू मुकाट्याने उचल," गुरुजी म्हणाले. "वजनमापं शिकवत होतो तेव्हा कुठे होतास?"

तेव्हा तो नदीवर डुंबत होता. शाळेपासूनच गुरुजी त्याला 'गैरहजर' म्हणत. आता त्याचे केस पिकायला लागले, अंगावर वर्दी आली, तरी त्या नावातून सुटका नव्हती. खरं तर त्याला ते आवडायचं, पण हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

सहा गावांना मिळून एक चौकी होती आणि चौकीत तो एकटा. चोऱ्या व्हायच्या त्या बंद घरांत. म्हणून त्यानेच एक पद्धत पाडली होती. बाहेरगावी जाणाऱ्याने चौकीतल्या वहीत नाव लिहायचं. हवालदार रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या घराचं कुलूप हलवून बघणार आणि दाराच्या चौकटीवर खडूने एक रेघ ओढणार. येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं की घर बंद असलं तरी बेवारस नाही. सहा वर्षांत वहीतलं एकही घर फुटलं नव्हतं. साहेबांनी त्याबद्दल एकदा पाठ थोपटली होती आणि हवालदार ती पाठ अजून मिरवत होता.

खडूही गुरुजींचेच. निवृत्त झाले तेव्हा दोन डबे उरले होते. "एक तुला, एक मला," असं म्हणून त्यांनी वाटणी केली होती.

बसथांब्यावर पेटी टेकवून गुरुजी बाकावर बसले. "मागच्या दाराची काळजी नको. त्याला आतून कडी आहे. तू आपला पुढून बघत जा."

"रोज येईन, गुरुजी."

"बघू. तुझी हजेरी मला ठाऊक आहे."

बस यायला अवकाश होता, पण गुरुजींनी त्याला थांबू दिलं नाही. तुझी कामं पडली असतील, जा, म्हणाले. हवालदार परत फिरला. वर्षभर गुरुजी दुकानाच्या पायरीवर बसून सांगत होते, मुलगा बोलावतोय, सारखा मागे लागलाय. अखेर गेले एकदाचे, म्हणून त्याला बरं वाटलं.

"कमाल माणूस आहे," दुकानदार म्हणाला. "मुलाकडे जायचं म्हणून परवा दहा किलो तांदूळ नेले. तिकडे काय मिळत नाहीत?"

"आजोबांचा जीव आहे तो. नातवंडांना इथलाच भात भरवायचा असेल," हवालदार म्हणाला, आणि दोघंही हसले.

पहिल्या संध्याकाळी कुलूप हलवून त्याने सहज गंमत म्हणून दाराला सांगितलं, "हजर, गुरुजी." मग ती सवयच लागली. कुणाची गाय चुकली, कुणी कुणाचा बांध कोरला, सगळं तो दाराला सांगायचा. एकदा तर मुलगी गणितात नापास झाल्याचंही सांगितलं, जे त्याने दुसऱ्या कुणापाशी काढलं नव्हतं. दार मध्ये टोकत नाही, ही मोठी सोय होती.

एकविसाव्या दिवशी, शनिवारी, रेघ ओढून तो वळला तेवढ्यात आत काहीतरी वाजलं. अगदी खालून, हलकंच, दोन-तीनदा. तो थांबला. कुलूप पुन्हा हलवून बघितलं. जागच्या जागी होतं. रिकामं घर मिळालं की उंदीर माजतात, तो मनाशी म्हणाला. शेजारच्या गावात कुंपणावरून दोन भाऊ काठ्या घेऊन उभे होते, तिकडे पोचायचं होतं. वहीत त्याने लिहिलं, ठीक. रविवारी आवाज नव्हता. चला, उंदीर गेले, असं वाटून तो निश्चिंत झाला.

सोमवारी सकाळी चौकीतला फोन वाजला. गुरुजींचा मुलगा होता.

"बाबा दर रविवारी फोन करतात. काल केला नाही, आणि मी केला तर उचलत नाहीत. जरा घरी डोकावून याल का?"

"अहो, कोणत्या घरी?" हवालदार म्हणाला. "ते तुमच्याकडे आहेत ना? मीच तर बसवर सोडलं त्यांना."



"माझ्याकडे नाहीत ते. या वर्षी जमणार नाही असं मी कळवलं होतं." मुलाचा आवाज खाली गेला. "मागच्या वर्षीही. पण मजेत होते हो ते. मागच्या रविवारीच म्हणाले, एकटा कुठे आहे मी, एक जुना विद्यार्थी रोज संध्याकाळी येतो, गप्पा मारतो."

हवालदाराने फोन तसाच टेबलावर टाकला आणि धावत सुटला. बावीस दिवस जपलेलं कुलूप त्याने दगडाने फोडलं. दार निम्मंच उघडलं. मागे गुरुजी आडवे पडले होते. अंग गार होतं. मुठीत खडूचा तुकडा होता. समोर मागच्या दाराशी ती हलकी पेटी ठेवलेली होती.

तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. शनिवारची ती संध्याकाळ कुणीतरी परत द्यावी, एवढंच त्याला वाटत होतं. मग त्याची नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली. डोळ्यांच्या उंचीवर, फळ्यावरच्या त्या वळणदार अक्षरात, 'गैरहजर' असं लिहिलेलं होतं आणि पुढे रेघा होत्या. त्याने मोजल्या. वीस होत्या, सगळ्या सरळ, एका मापाच्या.

उरलेल्या दोन खाली होत्या, उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर.