भिंतीकडे तोंड

मुलगा जुझे समुद्रात बुडाला, त्या दिवशी कार्मेलीनने घरातली येशूची तसबीर उलटी, भिंतीकडे तोंड करून टांगली. "माझ्या झिलाक तू बगूक नाय. आता माकाय तुजा तोंड बगुचा नाय." नवरा सांतान खाली बसून जाळं विणत राहिला. तेव्हापासून त्या घरात कुणी मोठ्याने प्रार्थना केली नाही.

आज फयान वादळाने मालवणचा किनारा झोडपला. कौलं उडू लागली तेव्हा शेजारची सुभद्रा धावत दारात आली. "गो कार्मेलीन, पहाटे दर्यात गेलेले सगळे इले. तुजो सांतान खंय दिसणा नाय."

आपण देवाला पाठमोरं केलं, म्हणून आता तो नवऱ्यालाही नेणार, एवढंच कार्मेलीनच्या मनात येत राहिलं. "सायबा, चूक माजी आसा. तेका शिक्षा करू नको," असं पुटपुटत ती कशीबशी स्टुलावर चढली आणि तिने तसबीर सरळ केली.



येशूच्या गळ्याशी अबोलीचा छोटा हार होता, जाळ्याच्या दोऱ्यात ओवलेला, आज पहाटेचाच.