अर्धी योद्धा

आईबाबांनी आपापले नवे संसार थाटले, तेव्हापासून लेक अर्धा आठवडा इकडे, अर्धा तिकडे. बाबाच्या घरातली कोपऱ्यातली खोली रिकामी झाली, तशी तिनं ती मागून पाहिली.

"अर्ध्या आठवड्यासाठी कसली खोली, ठमाबाई? ती दादाला होईल, तो कायम इथंच असतो. तुला आईकडे आहे की!" असं म्हणून बाबानं विषय मिटवला आणि फाशांचा, राक्षस मारायचा खेळ मांडला; त्यात प्रत्येकाचं कागदावर लिहिलेलं एक पात्र. पंच अर्थात तोच.

दादाचा, म्हणजे नव्या बायकोच्या मुलाचा योद्धा एका घावात ढाल फोडायची विद्या शिकला. लेकीलाही तीच हवी झाली. तिचं पात्र होतं अर्धं योद्धा, अर्धं जादूगार.

"अट आहे, योद्धाच हवा," बाबानं नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "अर्धा चालत नाही."

"मग जादूगाराची विद्या दे."

"तिथंही अस्सल जादूगार लागतो."

"म्हणजे दोन्हीकडची असून मी कुठलीच नाही? हा कुठला न्याय!"

"वकिलीणबाई, खेळात मी कुणाचा बाप नाही," बाबा ऐटीत हसला. "नियम सगळ्यांना सारखा."

आता ही तासभर भांडणार, म्हणून तो सावरून बसला. पण लेकीनं आधीच लिहून ठेवलेली विद्या खोडरबरानं पुसली आणि कागदावर फुंकर मारली.

 

"बरोबर आहे, बाबा. आई पण हेच म्हणाली. मी अर्धाच आठवडा असते ना, म्हणून तिकडची माझी खोली तिनं नव्या बाळाला दिली."